आम्हाला रडू द्या, पाळकसाहेब

प्रति,
महाराष्ट्रातल्या मराठी मंडळ्यांचे पाळकसाहेब, फादर, सुवार्तिक आणि पंचमंडळी यांस,



पत्र लांबणार आहे, हे आधीच सांगते. दर रविवारी आपण बोलता आणि आम्ही ऐकतो. आज एकदा उलट होऊ द्या.

मी नगर जिल्ह्यातल्या एका जुन्या ख्रिस्ती घरातली. जिल्ह्याचं नाव आता बदललं, पण आमच्या पिढीच्या तोंडी नगरच राहणार. मिशन हॉस्पिटलात सिस्टर म्हणून लागले आणि मेट्रन होऊन निवृत्त झाले. मरणारी माणसं आणि त्यांच्या खाटेशी येऊन प्रार्थना करणारे पाळक, दोन्ही आयुष्यभर जवळून पाहिले. २०२१च्या एप्रिलमध्ये माझे यजमान कोविडने गेले. मग जे सांत्वन मी इतरांच्या वाट्याला येताना पाहत होते, ते माझ्या वाट्याला आलं. त्यात काही फार मोलाचं होतं, काही ऐकवत नव्हतं. जे ऐकवत नव्हतं ते बहुतेक आपल्या पेशाकडून आलं, म्हणून हे पत्र. नाव कोणाचं घेणार नाही. ज्याला लागेल त्याला लागेल.

आधी ऋण मान्य करते. त्या दिवसांत अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. घरचेच यायला घाबरत होते, तेव्हा आपल्यातले कितीतरी जण पीपीई घालून कबरीशी उभे राहिले. मार्च २०२०च्या अखेरीस मुंबई महापालिकेने सगळ्याच धर्मांच्या कोविड मृतदेहांचं दहन करण्याचं परिपत्रक काढलं आणि लगोलग बदललं. त्या गोंधळात आमची माणसं मातीला लागणार की नाही, याची धास्ती घेऊन लोक फोन करायचे आणि आपण रात्री-अपरात्री उचलायचात. आपले पगार किती असतात हेही मला ठाऊक आहे. आमच्या मंडळीचा हिशेब मी काही वर्षं पाहिला आहे. तेव्हा ही तक्रार आळशी किंवा निर्दय माणसांविरुद्ध नाही. मन चांगलं असूनही चुकीचं बोलणाऱ्यांविरुद्ध आहे, आणि तशी तक्रार करणं जास्त अवघड असतं.

सर्वांत आधी घाईबद्दल. माती टाकून हातही धुतले नव्हते, तोच मला सांगण्यात आलं की रडू नका, ते प्रभूमध्ये निजले आहेत, आपण आशा नसलेल्यांसारखे नाही. पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातला हा आधार. आपण तो अर्धा तोडून वापरता. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, असं पौल म्हणतो. शोकच करू नका, असं तो कुठे म्हणाला? उलट रोमच्या मंडळीला तो स्पष्ट सांगतो की शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा. हा आदेश आहे, आणि तो सांत्वन करणाऱ्याला दिलेला आहे. पण सांत्वनाच्या सभेत पाळकाचे डोळे ओले झालेले मी फार थोड्या वेळा पाहिले.

लाजराची गोष्ट आपण प्रत्येक दफनविधीत सांगता. जरा सावकाश सांगा. येशू बेथानीत पोचेपर्यंत लाजराला कबरेत चार दिवस झाले होते. मार्था येशूला सामोरी गेली ती स्तुती करत नाही, तक्रार घेऊन. आपण वेळेवर आला असतात तर माझा भाऊ मेला नसता, असं तिने तोंडावर म्हटलं. मागून मरीया आली, तिनेही तेच म्हटलं. येशूने दोघींपैकी एकीलाही दटावलं नाही. आणि थोड्याच वेळात आपण लाजराला उठवणार आहोत हे ठाऊक असूनही तो रडला. ज्याच्याजवळ उत्तर होतं तो आधी रडला. आपल्याजवळ तर उत्तरही नाही, आणि आपण रडण्याचा भाग गाळून थेट उठवण्याच्या भागावर जाता.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे, आणि ती करताना माझा आवाज चढला तर माफ करा. कारणं सांगणं बंद करा. माझ्या यजमानांच्या मरणाची मला जी कारणं सांगण्यात आली, त्यांची मी मनातल्या मनात यादी केली होती. देवाला त्यांची गरज होती. देव आपली परीक्षा पाहतो आहे. घरात काहीतरी कबूल न केलेलं असेल. आणि एका प्रार्थनासभेत, मी पाचव्या रांगेत बसलेली असताना, व्यासपीठावरून: ज्या घरात विश्वास पूर्ण होता त्या घराला रोगाने शिवलं नाही.

ईयोबाचं पुस्तक आपण सगळ्यांनी सेमिनरीत अभ्यासलेलं आहे, मी काय सांगावं? पण एक आठवण करून देते. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र आले आणि ईयोबाबरोबर सात दिवस नि सात रात्री जमिनीवर बसले. कोणी एक शब्द बोललं नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत होतं. तिथपर्यंत ते जगातले सर्वांत चांगले सांत्वन करणारे होते. पुढे त्यांनी तोंड उघडलं आणि कारणं सांगायला लागले. देवाचा कैवार घेऊन, बरीचशी बरोबर वाटणारी, नीट मांडलेली कारणं. शेवटी देव कोणावर रागावला? ओरडणाऱ्या, देवाला जाब विचारणाऱ्या ईयोबावर नव्हे, या तिघांवर. माझ्याविषयी तुम्ही योग्य बोलला नाहीत, असं त्यांना ऐकावं लागलं आणि वर ईयोबाकडून स्वतःसाठी प्रार्थना करून घ्यावी लागली. पाळकपणाच्या प्रशिक्षणात हा एवढा एक धडा शिकवला तरी पुरे.

जन्मांधाविषयी शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता: पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणाला, दोघांचंही नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, ती इतर यरुशलेमकरांपेक्षा जास्त पापी होती काय, हा प्रश्न त्याने स्वतःच काढला आणि नाही असं उत्तर दिलं. दोन हजार वर्षं हे लिहिलेलं आपल्या हातात आहे, तरी आमच्या वस्तीत एखाद्याला कॅन्सर झाला की पहिली कुजबुज तीच.

विश्वास कमी पडला, या वाक्याने काय होतं ते मी वॉर्डात पाहिलं आहे. चंगाई सभेहून आलेला मधुमेही पेशंट इन्सुलिन सोडून देतो, कारण सुई टोचून घेणं म्हणजे अविश्वास. टीबीची बाई सहा महिन्यांच्या गोळ्या दुसऱ्या महिन्यात बंद करते, कारण तिच्या डोक्यावर हात ठेवून कोणीतरी तिला बरी जाहीर केलेलं असतं. परत येते ती औषधाला न जुमानणारा टीबी घेऊन. तेव्हा हात ठेवणारा माणूस दुसऱ्या गावी मांडव घालून बसलेला असतो. पौलाने आपल्या देहातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी केली आणि काटा निघाला नाही. त्याने तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, आणि त्रफीम नावाच्या सोबत्याला मिलेत गावी आजारी ठेवून तो पुढे गेला. चंगाईवर उपदेश करताना त्रफीमाचं नाव घेतलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. पौलाचा विश्वास कमी पडला होता का? लूक तर पेशाने वैद्यच होता. हे सगळे चंगाईवाले आपल्या मंडळीतले नसतात, मान्य. पण त्यांना मैदान मिळवून द्यायला आणि पहिल्या रांगेत बसायला आपल्यातलेच काही जण असतात.

साक्षींबद्दलही बोलू द्या. उपासनेत साक्ष देण्याची आपली पद्धत सुंदर आहे. आमच्या आजीच्या काळापासून बायका उभ्या राहून बोलत आल्या, इतरत्र त्यांना तोंड उघडायला जागा नसताना. पण गेल्या काही वर्षांत साक्ष म्हणजे फक्त जिंकलेल्याची गोष्ट झाली आहे. रिपोर्ट निगेटिव्ह आला, व्हिसा मिळाला, मुलाला नोकरी लागली, प्रभूने आमच्या घराला राखलं. ऐकताना मी आनंदाने आमेन म्हणते, खोटं कशाला सांगू? पण त्याच बाकावर जिचं घर राखलं गेलं नाही ती बसलेली असते. तिनेही तीच प्रार्थना केली होती, तेवढेच उपास केले होते. तिने कोणती साक्ष द्यायची? तिला उभं राहून एवढंच म्हणता आलं पाहिजे की अजून काही कळत नाही, पण मी आले आहे. माझ्या मते ती सगळ्यात मोठी साक्ष आहे, आणि आपल्या छापील उपासनाक्रमात तिला जागा नाही.

उपदेशात होरेशिओ स्पॅफर्डची गोष्ट वर्षातून एकदा तरी येतेच. १८७३ साली अटलांटिकमध्ये जहाज बुडालं, त्यात त्याच्या चार मुली गेल्या, बायको तेवढी वाचली. त्या जागेवरून जाताना त्याने ते प्रसिद्ध शांतीचं गीत रचलं, असं सांगून आपण आमच्याकडे पाहता. त्या नजरेत मोजपट्टी असते: बघा, चार मुली गेल्या तरी गातोय, आणि तुम्ही? त्यापुढची गोष्ट मात्र आपण सांगत नाही. १८८० मध्ये त्यांचा लहान मुलगाही तापाने गेला, आणि त्यांच्याच मंडळीतले लोक म्हणू लागले की ही देवाची शिक्षा आहे. नवराबायको त्या मंडळीतून बाहेर पडले. १८८१ मध्ये यरुशलेमला गेले आणि तिथे त्यांनी वसवलेल्या वस्तीने पुढे यहुदी, मुसलमान, ख्रिस्ती असा भेद न करता भुकेल्यांना जेवू घातलं. गीत लिहिणाऱ्यालासुद्धा अलीफज-बिल्दद भेटलेच. गोष्ट सांगायची तर ही अख्खी सांगा.

आता स्तोत्रांविषयी, कारण माझा खरा मुद्दा इथे आहे. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं. त्यांतली जवळपास एकतृतीयांश विलापाची, तक्रारीची, कुठे आहेस रे देवा अशा हाकांची. आपण आम्हाला किती शिकवलीत? तेविसावं, एक्क्याण्णवावं, एकशेएकविसावं. कोविडात एक्क्याण्णवावं स्तोत्र मोबाइलवर इतकं फिरलं की लोकांनी ते छापून दाराला चिकटवलं, ताईत बांधावा तसं. त्या स्तोत्रावर माझं प्रेम आहे. पण अरण्यात येशूची परीक्षा झाली तेव्हा मंदिराच्या शिरोभागावरून उडी मार, देवदूत झेलतील, असं सैतान म्हणाला, ते याच स्तोत्राच्या आधाराने. येशूने ती हमी हमी म्हणून वापरायला नकार दिला. हे एकदा तरी व्यासपीठावरून सांगितलं असतंत, तर ज्यांच्या दाराला ते चिकटवलेलं होतं आणि तरीही ज्यांच्या घरातून माणूस गेला, त्यांना फसवणूक झाल्यासारखं वाटलं नसतं.

मला आधार कुठून मिळाला ते सांगते. महिला मंडळातली एक बाई, माझ्याहून वयाने लहान, शिक्षण जेमतेम सातवी. दर गुरुवारी दुपारी यायची. चहा तीच टाकायची, कारण मला उठावंसं वाटत नसे. भाजी असली तर निवडायची. मग पिशवीतून बायबल काढून एक-दोन स्तोत्रं वाचायची आणि जायची. तिने निवड केली नाही. पहिल्यापासून सुरुवात केली आणि क्रमाने वाचत गेली. पुष्कळ आठवड्यांनी, मधे कधी दोन कधी तीन वाचत, अठ्ठ्याऐंशीवं आलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, थोडीशी आशा, थोडी स्तुती येते. अठ्ठ्याऐंशीवं वळत नाही. देवाला दिवसरात्र हाका मारणारा माणूस अंधारातच संपतो. तिने ते शेवटपर्यंत वाचलं, पुस्तक मिटलं आणि राहिलेली मेथी निवडायला घेतली. ना अर्थ सांगितला, ना पुढचं वाचून गोड शेवट केला. यजमान गेल्यापासून पवित्र शास्त्र माझ्याबद्दल बोलतं आहे असं मला त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं. देवाच्या पुस्तकात माझ्या अवस्थेला जागा होती, आणि ती जागा कोणी पुसून टाकली नव्हती. त्या रात्री मी प्रार्थना केली. प्रार्थना कसली, भांडण केलं. पण बोलणं सुरू झालं.

फादर, आपल्याकडेही एक सौम्य चौकशी. रोमन कॅथॉलिक धर्मगुरूंच्या नित्य प्रार्थनेत दर शुक्रवारी झोपण्याआधी हे अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र येतं, असं मला कळलं. म्हणजे आपण आठवड्यातून एकदा ते म्हणून झोपता. मग वसईपासून नगरपर्यंत आपल्या लोकांना ते का कळू देत नाही? सहाव्या शतकात बेनेडिक्टने आपल्या मठासाठी नियम घातला की आठवड्यात दीडशेच्या दीडशे स्तोत्रं म्हणून झाली पाहिजेत. त्याला निवडीचा धोका कळला होता. माणूस निवडायला लागला की गोड तेवढं उचलतो. मदर तेरेसांची खासगी पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्यांना कित्येक वर्षं देवाची जवळीक जाणवतच नव्हती हे जगाला कळलं. तेव्हा काहींनी ते लपवायला हवं होतं अशा सुरात लिहिलं. मला तर त्या पत्रांनंतर मदर जास्त जवळच्या वाटल्या. त्या अंधारात रोज उठून त्या मरणाऱ्यांचे देह धूत होत्या.

आणि आपण मराठी माणसांनी देवाशी भांडायला कचरावं, हे तर नवलच. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं नारायण वामन टिळक म्हणत. हा पूल गुळगुळीत नाही. दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगाही गेला, धंदा बुडाला. विठोबाला त्यांनी किती आणि काय काय सुनावलं ते मराठी घरांत तोंडपाठ आहे, आणि त्यामुळे कोणी त्यांना नास्तिक ठरवलं नाही. एकीकडून दावीद आणि यिर्मया, दुसरीकडून नामदेव-तुकाराम; दोन्हीकडून आपल्याला देवाशी मोकळेपणाने बोलण्याचा वारसा आला. टिळकांनी भजनं आणि कीर्तनं आपल्या उपासनेत रुजवली ती याच जाणिवेने. आज मोठमोठे स्पीकर लावून हिंदी-इंग्रजी विजयगीतं वाजतात आणि टिळकांची भजनं म्हाताऱ्यांच्या प्रार्थनासभेपुरती उरली. ढोल-गिटारला माझी ना नाही. तरुण मुलं चर्चमध्ये येतात, आनंदच आहे. पण आठवड्यातलं एक तरी गाणं असं असावं की ज्याचं दुःख ताजं आहे त्याला खोटं न बोलता ते गाता येईल.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ तर मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाची. १८९५ मध्ये नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला, काही वर्षं ताटातूट झाली, लोकांनी बोलबोल बोललं, त्यांनी लेकरांची मरणं पाहिली. १९०० साली त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या. त्या पुस्तकात विश्वासाची पोथी कुठे सापडते का पाहा. त्या चिडतात, रुसतात, टिळकांना फैलावर घेतात आणि भर संकटात वाचकाला हसवतात. विश्वास अशा स्वभावाच्या बाईच्या आत राहू शकतो, हे मला त्या पुस्तकाने कोणत्याही उपदेशापेक्षा जास्त पटवलं.

पंडिता रमाबाईंचं नाव आपण संकटात धीर धरण्याचं उदाहरण म्हणून घेता. घ्या, पण पूर्ण घ्या. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, मग भाऊ, आणि लग्नाला दोन वर्षं होण्याआधी कॉलऱ्याने नवरा. पदरात तान्ही मनोरमा. एवढं सोसलेल्या बाईने १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना गोळा केलं, तेव्हा त्यांना दुःखाचा अर्थ सांगत बसली नाही. धान्य दिलं, अंथरूण दिलं, शाळा, छापखाना, माग दिले. केडगावचं मुक्ती सदन हेच त्यांचं सांत्वन होतं. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. रमाबाईंची स्वतःची प्रकृती ढासळलेली, पण बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी हातावेगळं केलं आणि एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या. त्या नऊ महिन्यांत रमाबाई रडल्या नसतील, असं मला कोणी सांगू नये. कामाला बसणं आणि रडणं एकाच दिवसात मावतं. कोणत्याही विधवेला विचारा.

म्हणून आता मागण्या.

घरी या, पण बोलायची घाई नको. सांत्वनाची सभा झाली, वर्तमानपत्रात फोटो आला, चाळीस दिवस उलटले की मंडळी पांगते. खरी वेळ पुढे येते: सहाव्या महिन्यात, पहिल्या नाताळात, लग्नाच्या वाढदिवशी. त्या तारखा वहीत लिहून ठेवा. तेवढं काम कोणताही तरुण संघ करू शकेल. आणि काही करण्यासारखं असेल तर करा. शासनाने कोविडने गेलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपयांचं सानुग्रह सहाय्य जाहीर केलं, तेव्हा आमच्याकडचा एक तरुण पाळक लॅपटॉप घेऊन घरोघर फिरला. मृत्यूचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक, सगळं स्कॅन करून त्याने कितीतरी विधवांचे अर्ज भरून दिले. त्याचा उपदेश मला फारसा आवडत नाही. पण तो आला की बायका त्याच्यासाठी खुर्ची पुसतात.

मन खचलेल्याला प्रार्थनेबरोबर डॉक्टरकडे पाठवा. एलीयाने रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागितलं, तेव्हा देवाने त्याला विश्वासावर व्याख्यान दिलं नाही. देवदूताने भाजलेली भाकर आणि पाणी ठेवलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून पुन्हा खायला घातलं. बोलणं पुष्कळ नंतर, होरेबावर. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चालते. तो क्रमांक चर्चच्या सूचनाफलकावर लावा, देणगीदारांच्या नावांच्या शेजारी. आणि ज्या घरातल्या माणसाने स्वतःचा जीव घेतला त्या घराशी कुजबुजत वागू नका. आपण व्यासपीठावरून त्याचं नाव आदराने घेतलंत की बाकीची मंडळी आपोआप शिकेल.

स्वतःही रडा. हे मी पाळकांना उद्देशून म्हणते आहे, पाळकबाईंनाही. दर आठवड्याला दुसऱ्याच्या घरचं मरण खांद्यावर घ्यायचं आणि रविवारी इस्त्रीचा झगा घालून हसत उभं राहायचं, हे कोणत्याही माणसाला झेपणारं नाही. गेथशेमानेत येशूने पेत्र, याकोब आणि योहान यांना सांगितलं होतं की माझा जीव फार कष्टी झाला आहे, माझ्याबरोबर जागे राहा. त्याने सोबत मागितली. आपण आमच्याकडून कधी मागत नाही, त्यामुळे आम्हीही शिष्यांसारखे झोपतो. एखाद्या रविवारी उपदेश तयार झाला नाही, मन लागलं नाही, असं सांगून नुसतं वाचन करा. आम्ही काही पंचांकडे तक्रार घेऊन जाणार नाही. गेलंच कोणी, तर मी त्यांच्याशी बोलेन.

पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे का, असं एका पाळकांनी मला हे सगळं ऐकल्यावर विचारलं. आहे. तो नसता तर मी ही तक्रार कोणाकडे केली असती? पण उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे वण तसेच होते आणि थोमाला त्याने ते लपवून न ठेवता दाखवले, हे मला जास्त धरून ठेवतं. मृत्यूवर विजय मिळवलेल्या देहावरही जखमा दिसतात, तर माझ्यावर त्या दिसल्या म्हणून कोणाचं काय बिघडलं?

शेवटची विनंती अगदी साधी आहे. आपल्या बहुतेक मंडळ्यांत उत्तम शुक्रवारी वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात वक्ते बोलतात. चौथा उद्गार, देवाने आपल्याला का टाकलं हा प्रश्न, बाविसाव्या स्तोत्रातून येशूच्या तोंडी आलेला. तो ज्या वक्त्याच्या वाट्याला येतो तो दरवर्षी पहिल्या दोन मिनिटांत समजावून सांगतो की देवाने खरं तर टाकलं नव्हतं, स्तोत्राचा शेवट स्तुतीचा आहे, काळजी करू नका. यंदा वक्त्यांची यादी कराल तेव्हा चौथा उद्गार अशा कोणाला द्या, जो तो प्रश्न वाचेल आणि उत्तर न देता खाली बसेल. कोणी तयार झालं नाही तर माझं नाव लिहा. मी वेळेवर येईन आणि दहा मिनिटांपैकी आठ परत करीन.

आपली,
प्रभूमध्ये बहीण,
नगर जिल्ह्यातली एक निवृत्त मेट्रन